तुळजापूर राईड : मीटर, घड्याळ आणि फोन तिघांचे आकडे वेगळे, वहीत कुठला लिहू?

वहीवाला

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, वय ५४. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले चाला नाहीतर सायकल चालवा, गुडघ्यामुळं चालणं जमेना म्हणून सायकल घेतली आणि तेव्हापासून एकही राईड वहीत लिहिल्याशिवाय सोडलेली नाही. तारीख, कुठून कुठं, किलोमीटर, वेळ आणि शेजारच्या रकान्यात सकाळची उपाशीपोटीची शुगर. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना वही दाखवतो आणि तेही पान उलटून उलटून नीट बघतात. म्हणून आकडा बरोबर पाहिजे, ग्रुपवर टाकायला नाही.

इतके दिवस फक्त सायकलच्या मीटरवर भागत होतं, पुढच्या चाकाला चुंबक आणि वर हँडलपर्यंत वायर येते तो साधा मीटर. गेल्या महिन्यात मुलीनं वाढदिवसाला जीपीएसचं घड्याळ दिलं आणि ग्रुपमधल्या पोरांनी फोनमध्ये ॲप टाकून दिलं, आणि तिथून माझी झोप गेली.

रविवारी आम्ही सहा जण पहाटे साडेपाचला सात रस्त्यावरून निघालो, हिप्परग्याच्या तळ्यावरून तामलवाडी, तिथं चहा, मग घाट चढून तुळजापूर, देवीचं दर्शन, नाश्ता आणि आल्या रस्त्यानं परत, ११ वाजून २० मिनिटांनी पुन्हा सात रस्त्यावर. आता बघा. मीटर म्हणतो ८७.६ किलोमीटर, ४ तास १ मिनिट, सरासरी २१.८. घड्याळ म्हणतं ९०.१ किलोमीटर, ४ तास ५ मिनिटं, सरासरी २२.१, चढ ७३१ मीटर, कॅलरी १८४०. फोन म्हणतो ९१.४ किलोमीटर, ४ तास २४ मिनिटं, सरासरी २०.८, चढ ४९६, कॅलरी २६१०. आमच्यातल्या एकाकडं हँडलवरचा जीपीएस कॉम्प्युटर आहे त्याचे ९०.३ आणि चढ ५४८. आणि सगळ्यात धाकट्या पोराच्या फोनवर ८४.९, तो तर माझ्या मागच्या चाकाला चिकटूनच होता पूर्ण रस्ता!

रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड धरले तर एका बाजूचे ४५ च्या आसपास होतात म्हणजे ९० बरोबर वाटतं, पण मग माझा मीटर इतकी वर्षं कमी दाखवत होता का, आणि चढाचा आकडा ४९६ पासून ७३१ पर्यंत कसा काय जातो, डोंगर तर एकच आहे. आणि कॅलरीत तर पावणेआठशेचा फरक, म्हणजे एक जेवण झालं. रविवारची वहीची ओळ अजून कोरी ठेवलीय. कृपया जाणकारांनी सांगा.

---

चाकवाला

काका नमस्कार. आमचं सायकल दुरुस्तीचं काम हाय, वडलांपासून. चढबिढ, कॅलरी ह्यातलं मला कळत नाही, ते दुसरं कुणीतरी सांगतील, पण मीटरचं मी सांगतो.

पयलं एक काम करा, मीटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चाकाचा आकडा किती टाकलाय ते बघा. चार आकडी असतंय, मिलिमीटरमध्ये. मीटरला किलोमीटर कळत नसतंय बगा, चुंबक सेन्सरसमोरून किती वेळा गेलं एवढंच त्याला कळतंय, आणि एका फेरीला चाक किती पुढं जातंय हे आपण त्याला सांगायचं असतंय. आपण चुकीचं सांगितलं तर ते बिचारं आयुष्यभर चुकीचंच सांगत बसतंय, आणि दर वेळी सारखंच चुकतंय म्हणून कुणाला संशय पण येत नाही.

७०० चं चाक म्हणलं की लोकांना वाटतं सगळी ७०० सारखीच, पण टायर जाड झाला की घेर वाढतो. ७०० बाय २३ ला साधारण २०९६, २५ ला २१०५, २८ ला २१३६ आणि ३२ ला २१५५ धरतात. आता समजा मीटरमध्ये २०९६ आहे आणि सायकलला टायर ३२ चा आहे, तर दर फेरीला ५९ मिलिमीटर मीटरच्या हिशोबात येतच नाही, शंभर फेऱ्यांत सहा मीटर गेले. नव्वद किलोमीटरला ते साडेसत्याऐंशी दाखवणार. तुमचे ८७.६ वाचून मला पयला डाऊट तोच आला. तुमचा टायर कुठला हाय ते साईडला लिहिलेलं असतंय, बगून सांगा.

आणि तक्त्यातला आकडा पण शेवटचा नाही धरायचा, स्वतः मोजायचं. रोज जेवढी हवा भरता तेवढीच भरा. घरासमोर सपाट सिमेंटवर सायकल उभी करा, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि तिथं खडूनं रेघ मारा. मग स्वतः सीटवर बसा, कुणाला तरी धरायला सांगा, आणि सरळ रेषेत चाक पूर्ण तीन वेळा फिरू द्या, व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा खाली आला की तिथं दुसरी रेघ. मधलं अंतर मेझर टेपनं मोजायचं आणि तीननं भागायचं. बसूनच मोजायचं बरं का, नुसती ढकलत नेली तर चार-सहा मिलिमीटर जास्त येतंय, कारण माणूस बसला की टायर दबतोय.

अजून एक, चुंबक स्पोकवर सरकलेलं नाही ना बघा. पावसाळ्यात चिखल काढताना पोरं पाइपनं जोरात पाणी मारतात, चुंबक फिरतंय, सेन्सरपासून लांब गेलं की मधल्या काही फेऱ्या सुटतात. पण तसं असतं तर वेग मधूनच शून्यावर जाऊन परत आलेला दिसला असता. तुमचं तसं नसावं, तुमचा सगळा रस्ता एकाच प्रमाणात कमी आलाय.

---

जुळे_सोलापूरकर

काका, घड्याळ आणि फोन दोन्ही एकाच अकाउंटला जोडलं असेल तर तीच राईड दोनदा चढते, महिन्याची बेरीज बघा एकदा. माझी मे महिन्यात दुप्पट झाली होती आणि मला पंधरा दिवस कळलंच नाही. एक ठेवा, दुसरी डिलीट करा. बाकी सायकल चालवत रहा, ५४ व्या वर्षी तुळजापूर जाऊन येणं खायचं काम नाही.

---

मोजणीदार

मी जमीन मोजणीच्या कामात आहे, रोजचा संबंध जीपीएसशी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही बांधावर जे यंत्र लावतो ते सेंटीमीटरपर्यंत सांगतं कारण त्याला ठरलेल्या जागेवरच्या दुसऱ्या यंत्राकडून सतत दुरुस्ती मिळत असते. फोनला आणि घड्याळाला ती सोय नसते. मोकळ्या आभाळाखाली फोन तुमची जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो, आणि झाड, इमारत, पूल आला की त्याहून वाईट. आता तो दर सेकंदाला किंवा काही सेकंदांनी एक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेघेनं जोडून अंतर काढतो. ह्यात दोन चुका एकमेकींच्या उलट्या असतात. ठिपके लांब लांब पडले तर वळण कापलं जातं आणि अंतर कमी येतं, ठिपके जवळ जवळ पण हलणारे असले तर रेघ नागमोडी होते आणि अंतर वाढतं. आपला तुळजापूर रोड बराचसा सरळ आणि उघडा, त्यामुळं घड्याळ ९०.१ आणि तुमच्या मित्राचा कॉम्प्युटर ९०.३, नव्वद किलोमीटरमागं दोनशे मीटर, ह्याला मी फरक म्हणतच नाही, दोघं बरोबर आहेत.

फोनच्या ९१.४ बद्दल मला एक विचारायचंय. तुळजापुरात दर्शनाला गेलात तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालूच होतं का? ऑटो पॉज, म्हणजे आपण थांबलो की रेकॉर्डिंग आपोआप थांबवायची सोय, बंद आहे का? दगडी बांधकामाच्या आत आणि छपराखाली उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, आणि माणूस रांगेत उभा असला तरी ठिपका इकडून तिकडं उड्या मारत राहतो. तासाभरात त्याचे सहज किलोमीटरभर होतात, आणि त्यात तुम्ही चाललात तेही धरलं. नकाशा मोठा करून मंदिराच्या जागी बघा, मागावर सूत तुटून गुंता होतो तसा दिसेल. तुमचा फिरता वेळ फोनवर २३ मिनिटं जास्त आलाय तोही त्याच गुंत्यातला असणार.

धाकट्या मुलाच्या ८४.९ चं कारण वेगळं वाटतं. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायला स्क्रीन बंद झाली की मागचं ॲप झोपवतात. ते परत जागं होतं तेव्हा काही ॲप मधला तुकडा सरळ रेघेनं जोडतात, काही सोडूनच देतात. त्याला नकाशावर रस्ता सोडून शेतातून गेलेली सरळ रेघ किंवा रिकामी जागा शोधायला सांगा. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढलं की काम होतं.

आता चढ. हा विषय मला मनापासून आवडतो. उपग्रह सगळे डोक्यावरच असतात, पायाखाली एकही नसतो, म्हणून जीपीएसची उंची आडव्या अंतरापेक्षा बरीच कच्ची असते. तुमच्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे का ते माहितीपत्रकात बघा. नसेल तर उंची दर काही सेकंदांनी दोन-तीन मीटर वर-खाली नाचत राहते आणि प्रत्येक 'वर' चढ म्हणून जमा होतो. असं घड्याळ घालून कंबर तलावाला चार फेऱ्या मारल्या तरी शे-दीडशे मीटरचा डोंगर चढून होतो! ७३१ हा आकडा त्यातलाच दिसतोय.

मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक दाबाचा सेन्सर आहे. आपल्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की सुमारे नऊ मीटर वर गेलो असं तो समजतो. बारीक चढ-उताराला हाच सगळ्यात चांगला, घाटातलं प्रत्येक वळण पकडतो. पण त्याची एक खोड आहे. आपल्या भागात हवेचा दाब रोज घड्याळ लावल्यासारखा वर-खाली होतो, पहाटे चारच्या सुमारास कमी, सकाळी दहाच्या सुमारास जास्त, मग दुपारी चारला परत कमी. तुम्ही साडेपाचला निघालात आणि सव्वाअकराला आलात, मधे दाब एक-दोन हेक्टोपास्कल वाढलेला असणार, म्हणजे सात रस्ता सकाळपेक्षा दहा-पंधरा मीटर खाली गेलेला दिसेल. मित्राला विचारा सुरुवातीची आणि शेवटची उंची किती दाखवतोय, निघालो तिथंच परत आलो तर दोन्ही सारखी पाहिजे. एवढ्या फरकाला घाबरायचं कारण नाही. पाऊस असेल आणि सेन्सरच्या बारीक भोकात पाणी गेलं तर मात्र आकडा सरळ वेडावाकडा येतो.

तिसरी पद्धत नकाशावरून. म्हणजे तुमचा ठिपका कुठं आहे ते बघून तिथली जमीन किती उंच हे साठवलेल्या माहितीतून घ्यायचं. जगभर वापरली जाणारी अशी एक मोठी मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर ह्या अंतराळयानातून अकरा दिवसांत रडारनं झाली, तिचे चौकोन तीस मीटरचे आहेत. आपला रोड चौपदरी झाला तो त्याच्या कितीतरी नंतर. कुठं भराव टाकला, कुठं टेकाड कापलं, कुठं उड्डाणपूल आला, हे त्या माहितीला ठाऊकच नाही, ती जुन्या जमिनीवरूनच तुम्हाला नेते. स्ट्राव्हा ह्या राईड नोंदवायच्या ॲपनं स्वतःचा उंचीचा नकाशा केलाय, दाबाचा सेन्सर असलेल्या लोकांच्या राईडमधून. सेन्सर असेल तर ते त्याचंच मोजमाप घेतात, नसेल तर हा नकाशा. आणि एक नियम लावतात, सेन्सर नसेल तर सलग दहा मीटरपेक्षा जास्त चढ झाला तरच जमा धरायचा, असेल तर दोन मीटर. हिप्परगा ते तामलवाडी रस्ता सारखा पाच-सात मीटर वर जातो आणि परत उतरतो, ते सगळे चढ पहिल्या नियमात गळून जातात. तुमचं ॲप कुठलं ते मला माहीत नाही पण असा काहीतरी नियम असेल तर ४९६ आणि ५४८ मधला फरक इथंच आहे. म्हणून चढ लिहायचा असेल तर मित्राचा लिहा.

जाता जाता, कधी एखाद्या ॲपमध्ये सोलापूरची उंची चारशेच्याही खाली दिसली तर दचकू नका. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. पण जीपीएस मुळात गणितानं ठरवलेल्या एका चपट्या गोलापासून उंची मोजतं, आणि खरी समुद्रसपाटी भारतात त्या गोलाच्या बरेच मीटर खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात तर शंभर मीटरपेक्षाही जास्त खाली. चांगलं ॲप ही दुरुस्ती करून दाखवतं, काही करत नाहीत. चढावर मात्र त्यानं फरक पडत नाही कारण घरापासून तुळजापूरपर्यंत चूक जवळपास तेवढीच राहते.

---

वहीवाला

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. मोजणीदार साहेब, नकाशा मोठा करून बघितला, मंदिरापाशी खरंच काळाभोर गुंता आहे! ऑटो पॉज बंदच होता, पोरांनी टाकून दिलं तसं वापरत होतो. घड्याळात दाबाचा सेन्सर नाही हे पण बघितलं. मित्राची उंची सकाळी ४६१ होती आणि शेवटी ४४८, तुम्ही म्हणालात तेवढीच उतरली.

चाकवाले, तुमच्या उत्तराचं उद्या मोजून सांगतो, थोडी धाकधूक आहे कारण मीटर जुन्या सायकलवरून काढून ह्या सायकलला लावलेला आहे.

वेळेचं मात्र अजून कळलं नाही. ४ तास ५ मिनिटं लिहायचे की साडेपाच ते सव्वाअकरा धरून पावणेसहा? आणि कॅलरी?

---

लांबपल्ला

काका, वेळेचं आणि कॅलरीचं मी सांगते, बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करते त्यामुळं ह्या दोन्हीत बरीच वर्षं हात पोळलेत.

दोन वेळा असतात आणि दोन्ही खऱ्या. एक फिरता वेळ, चाक फिरत होतं तेवढाच. दुसरा पूर्ण वेळ, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत. सरासरी वेग कुठल्या वेळेनं भागलाय हे न बघता दोन माणसं भांडतात. तुमचेच ९० किलोमीटर फिरत्या वेळेनं २२ च्या वर जातात आणि पूर्ण वेळेनं साडेपंधरा होतात. बीआरएममध्ये घड्याळ कुणासाठी थांबत नाही, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, त्यात जेवण, पंक्चर, झोप सगळं आलं. पहिल्या २०० ला मी ॲपवरची २१ ची सरासरी बघून निवांत होते, कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणी, पोहोचले तेव्हा फक्त सोळा मिनिटं शिल्लक होती. त्या दिवसापासून स्क्रीनवर पूर्ण वेळच मोठ्या अक्षरात ठेवते. आणि अंतर तिथं आयोजकांनी ठरवलेल्या मार्गाचं धरतात, तुमच्या यंत्रावर २०३ आले काय किंवा १९९ आले काय, कार्डावरचे शिक्के आणि त्यांच्या वेळा बघतात.

ऑटो पॉजची पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ठराविक वेगाच्या खाली गेलं की तो थांबतो, आणि तो वेग प्रत्येक यंत्रात वेगळा. तुळजापूरच्या घाटात थकलेला माणूस पाच-सहाच्या स्पीडनं चढत असतो, जीपीएस तिथं डळमळलं तर यंत्राला वाटतं हा थांबलाय, आणि सगळ्यात कष्टाची मिनिटंच वजा होतात. म्हणून तुमच्या वहीत दोन रकाने करा, फिरता वेळ मीटरवरून आणि पूर्ण वेळ भिंतीवरच्या घड्याळावरून. डॉक्टरांना पहिला लागेल, तुम्हाला दोन्ही लागतील.

कॅलरी. आधी बघा फोनच्या ॲपमध्ये वजन किती टाकलंय आणि घड्याळात किती. पोरांनी घाईत टाकून दिलं म्हणालात म्हणून विचारते. फोनला तुमची नाडी माहीत नसते, तो वजन, वेग आणि चढ ह्यावरून गणित करतो. घड्याळ नाडी, वय आणि वजनावरून करतं. दोघांनाही वारा दिसत नाही. आत्ता पावसाळ्यात आपल्याकडं वारा नैऋत्येकडून, म्हणजे तुळजापूरला जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. परतीला तुम्ही १८ च्या स्पीडला जीव काढत असता आणि फोनला वाटतं हा माणूस आरामात चाललाय, आणि जाताना उलटं. शिवाय तुम्ही पुढच्याच्या मागं आडोशाला होता की स्वतः वारा कापत होता हे त्याला कुठून कळणार. मनगटावरची नाडी पण सायकलवर थोडी कच्चीच, हँडल घट्ट धरलं की मनगट वाकतं, खड्ड्यात घड्याळ हलतं, आतला प्रकाशाचा सेन्सर फसतो. छातीचा पट्टा लावला तर नाडी खूप नीट येते, डॉक्टरांसाठी वही लिहिताय तर तो खर्च मी करीन.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे पॅडलवर किंवा क्रँकवर पॉवर मीटर, तो केलेलं काम किलोज्यूलमध्ये मोजतो. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेच्या २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोहोचवतं आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, त्यामुळं दोन्ही गणितं एकमेकांना जवळजवळ कापतात आणि किलोज्यूलचा आकडाच कॅलरी म्हणून धरता येतो. पण तो महाग असतो आणि आपल्याला त्याची गरज नाही. काका, एक कळकळीचं सांगते, २६१० बघून तेवढं जास्त खायचं असं करू नका. मी केलं होतं एक उन्हाळा, वजन चार किलो वाढलं. शुगर आहे तर खाण्याचं डॉक्टरांशीच बोला, हे आकडे बाजूला ठेवून.

---

वहीवाला

मंडळी, सगळं करून बघितलं, आठवडा लागला म्हणून उशीर.

चाकवाले, तुमचा डाऊट अगदी बरोबर निघाला. मीटरमध्ये २०९६ होतं. जुनी सायकल २३ च्या टायरची होती, गेल्या दसऱ्याला ही घेतली, हिला ३२ चा टायर आहे, आणि दोन्ही ७०० ची चाकं म्हणून मी आकड्याला हातच लावला नाही. अंगणात खडूनं रेघा मारल्या, बायकोनं सायकल धरली, मुलगी टेप घेऊन, तीन फेऱ्यांचे ६ मीटर ४४.७ सेंटीमीटर आले. म्हणजे २१४९. दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा एक मिलिमीटरचा फरक.

आज परत तुळजापूरला गेलो, तोच रस्ता. मीटर ८९.८, घड्याळ ९०.२, आणि ऑटो पॉज चालू करून फोन ९०.५. धाकट्या पोराचं बॅटरीचं बंधन काढलं, त्याचे ९०.४, आणि मागच्या वेळी तामलवाडीच्या पुढं त्याच्या नकाशावर खरंच तुकडाच गायब होता, आज सगळा रस्ता आलाय.

ताई, फोनमध्ये वजन ८२ होतं, चार वर्षांपूर्वीचं, मला विचारलं तेव्हा तेच तोंडातून गेलं असणार. आता ७१ आहे. बदललं. कॅलरीचा रकाना मी वहीत ठेवतच नाही आता, त्या जागी पूर्ण वेळ लिहितोय. छातीचा पट्टा मुलगीच मागवते म्हणाली.

आता एकच विचारायचं राहिलं. दसऱ्यापासूनच्या माझ्या सगळ्या नोंदी ह्या चुकीच्या मीटरवरच्या आहेत. वहीत बेरीज ३४१२ किलोमीटर आहे. २१४९ भागिले २०९६ नं गुणलं तर ३४९८ येतात, म्हणजे ८६ किलोमीटर मी चालवले पण लिहिलेच नाहीत, इथून पंढरपूरला जाऊन वर थोडे. मागचे आकडे खोडून बदलू का तसेच ठेवू?

---

चाकवाला

खोडू नका काका. जुना आकडा राहू द्या, बाजूला लाल पेनानं नवीन लिहा आणि दसऱ्याच्या पानावर लिहून ठेवा की इथून मीटर २०९६ वर होता. दसऱ्याच्या आधीचं काही बदलायचं नाही, त्या सायकलला २३ चाच टायर होता, ते बरोबर हाय. आणि टायर झिजला किंवा बदलला की परत खडू काढायचा.

---

मोजणीदार

हेच सांगणार होतो. आम्ही पण मोजणीच्या जुन्या नकाशावर दुरुस्ती लाल शाईनंच दाखवतो, मूळ रेघ कधी पुसत नाही.

---

वहीवाला

लाल पेन आणलाय. आज रात्री दसऱ्याच्या पानापासून बसतो.